चैत्रगौरीची आरास: पायऱ्यांपासून पन्ह्यापर्यंत

चैत्र शुद्ध तृतीयेला देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा पाळण्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरपण उपभोगते. या महिन्याभरात सोयीचा एखादा दिवस, बहुतेक घरांत मंगळवार किंवा शुक्रवार, धरून हळदीकुंकू करतात, आणि त्या दिवशी गौरीपुढे आरास मांडतात. कलिंगडाचे कमळ, कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, मोगऱ्याचे गजरे, फराळाची ताटे. हे सगळे जमवणे अवघड नाही, पण एप्रिलच्या उकाड्यात संध्याकाळी पाच ते आठ ताजे आणि देखणे ठेवायला नियोजन लागते. पुढची सगळी मापे साधारण 25 बायका येणार आहेत असे धरून आणि शहरातल्या फ्लॅटमधल्या मध्यम हॉलसाठी दिली आहेत.

दोन गोष्टी आधी मनाशी पक्क्या कराव्यात. पहिली, दारातून आत पाऊल टाकणाऱ्या बाईला सर्वांत आधी गौर दिसली पाहिजे. कलिंगड नाही, दिव्यांच्या माळा नाहीत, गौर. ती जेमतेम तीन-चार इंचांची पितळी किंवा चांदीची मूर्ती असते, त्यामुळे हे आपोआप होत नाही, घडवून आणावे लागते. दुसरी, मांडायचा क्रम टिकण्याच्या क्रमाने ठेवावा. जे दिवसभर टिकते ते सकाळी, जे चार तास टिकते ते दुपारी, जे दोनच तास टिकते ते पाहुण्या येण्याच्या तोंडावर. आरास फसते ती बहुतेक वेळा हा क्रम उलटल्यामुळे. हौसेने सकाळीच कलिंगड कापले जाते आणि शेवटच्या तासात पायऱ्यांवर चादर अंथरायची धांदल उडते.

जागा आणि पायऱ्या

भिंतीला लागून पाच फूट रुंद आणि साडेतीन फूट खोल जागा मोकळी करा. दारासमोरची भिंत मिळाली तर उत्तम. खिडकीला पाठ करून मात्र आरास मांडू नका. पाचच्या सुमाराला मागून येणारा उजेड डोळ्यांवर येतो आणि गौरीचा चेहरा काळवंडतो. गौरीचे तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला असावे असा अनेक घरांत प्रघात आहे. तो सांभाळून जमले तर सांभाळावे, पण त्यासाठी आरास येण्याजाण्याच्या वाटेत आणू नये.

पायऱ्या विषम ठेवतात, तीन, पाच किंवा सात. फ्लॅटसाठी तीन पुरतात. सात पायऱ्यांच्या हौसेपायी वरची पायरी साडेचार-पाच फुटांवर जाते, आणि मग सतरंजीवर बसलेल्या बाईला गौर दिसतच नाही, पाळण्याचा तळ तेवढा दिसतो. खाली बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर असतात, खुर्चीवर बसलेल्याचे पावणेचार फुटांच्या आसपास. गौर तीन-सव्वातीन फुटांवर असली की दोघींनाही मान फारशी वर-खाली न करता दिसते.

ही उंची घरातल्या सामानातून सहज जमते. मागे भिंतीला टेकवून जेवणाचे किंवा अभ्यासाचे टेबल, उंची 30 इंच. त्याच्यापुढे टीपॉय, साधारण 18 इंच. त्याच्यापुढे दोन चौरंग शेजारी-शेजारी, 8 इंच. टीपॉय 16 इंचांचा असेल तर त्याच्या चारही पायांखाली सारख्या जाडीची लाकडी ठोकळी द्या, पुस्तके नकोत. पुस्तके कापडाखाली हळूहळू सरकतात आणि एक कोपरा खाली गेला की वरचे ताट घसरते. वरच्या टेबलाची मोकळी खोली 15 इंच, मधली 12 आणि खालची 14 इंच ठेवावी. फराळाचे साधारण ताट 11-12 इंचांचे असते, त्यामुळे मधली पायरी यापेक्षा अरुंद केलीत तर ताटाची कड हवेत राहील.

टेबल पायरीपेक्षा खोल असेल तर त्याचा मागचा भाग रिकामा सोडा. ती जागा वाया जात नाही. हातपुसणे, जादा वाती, काडेपेटी, कात्री, टाचण्या हे सगळे तिथे पडद्याआड राहते.

कापड अंथरण्याआधी एक चाचणी करा. प्रत्येक पायरीवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवून पायरीला बाजूने हलका धक्का द्या. पाणी सांडले तर ती पायरी डुगडुगते आहे, पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून पुन्हा बघा. हे काम पाच मिनिटांचे आहे. हळदीकुंकवाला लहान मुले येतात आणि ती खालच्या चौरंगाला धरून उभी राहतात, हे विसरू नये.

कापड

उंचीची तीन मापे 8, 10 आणि 12 इंच, खोलीची तीन 15, 12 आणि 14. बेरीज 71 इंच. त्यात मागे खोचायला चार, पुढे दुमडायला चार आणि प्रत्येक कोपऱ्यात दाबून बसवायला इंच-दोन इंच धरले की 85 इंचांपर्यंत जाते. म्हणजे 90 इंच लांब आणि 60 इंच रुंद अशी एकेरी पलंगाची साधी चादर एका तुकड्यात सगळ्या पायऱ्या झाकते आणि चार फूट रुंद आराशीला दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच कापड उरते. चादर वरून खाली अंथरा, कधीही खालून वर नाही. प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात लाकडी पट्टी किंवा जाड पुठ्ठ्याची तीन इंच रुंद पट्टी दाबून बसवली की कडा धारदार दिसतात आणि कापड खाली ओघळत नाही. नुसत्या टाचण्यांवर विसंबले तर पहिले जड ताट ठेवताच चादर ओढली जाते.

रंगाच्या बाबतीत ठाम मत द्यायला हवे, कारण इथेच बहुतेक आराशी गजबजतात. पदार्थांखाली फिके आणि साधे कापड घ्या, मोतिया किंवा फिकट पिवळे, नक्षी नसलेले. त्यावर कलिंगडाचा लाल, कैरीचा हिरवा, करंजीचा बदामी असे सगळे रंग उठून दिसतात. गौरीच्या मागे मात्र गडद कापड हवे: डाळिंबी, जांभळे किंवा गर्द हिरवे. पितळ आणि चांदी दोन्ही गडद रंगावर उजळतात, पिवळ्या रेशमावर पितळी गौर हरवून जाते.

पैठणी किंवा इरकली साडी वापरायची असेल तर ती मागच्या पडद्यासाठीच वापरा. सहावारी साडी साडेपाच मीटर भरते. ती दोरीवर दुहेरी घालून चार-चार इंचांच्या निऱ्या केल्या की पाच फूट रुंदी सहज भरते आणि पदर मधोमध आणता येतो. रेशमी साडीला टाचणी लावू नका, जर उसवतो आणि भोक कायम राहते. दोरीवर कपड्यांचे चिमटे लावून त्यावरून आंब्याच्या पानांचे तोरण सोडले की चिमटे झाकले जातात. पायऱ्यांवर रेशीम अंथरणे टाळाच. कलिंगडाच्या रसाचा आणि तेलाचा डाग त्यातून पूर्ण निघत नाही. खणाचे कापड घरात असेल तर त्याची सहा-सात इंचांची पट्टी प्रत्येक पायरीच्या उभ्या भागावर लावावी. फिक्या चादरीला त्याचा काठ शोभतो.

गौर आणि पाळणा

पितळी गौर आणि पाळणा चिंचेच्या कोळाने घासून, धुऊन, लगेच कोरड्या फडक्याने पुसा. ओले राहिले तर तासाभरात डाग धरतात. पाळण्याच्या साखळ्यांचे आकडे तपासा. वर्षभर डब्यात राहून एखादा आकडा उघडलेला असतो, आणि दर्शनाला आलेली प्रत्येक जण पाळण्याला हलकेच झोका देतेच. पकडीने आकडा दाबून बंद करावा, दोऱ्याने बांधू नये.

वरच्या टेबलावर सहा इंच उंचीचा मजबूत डबा उपडा घालून त्यावर पाट, पाटावर पाळणा. डबा रिकामा असेल तर आत दोन किलो तांदूळ भरून मग झाकण लावून ठेवा, म्हणजे हलणार नाही. पाळण्यात मूठभर तांदूळ किंवा गहू, त्यावर गौर, मागे छोटी लोड-गादी. कापसाचे वस्त्र, हळद-कुंकू, एक छोटा गजरा. एवढेच. गौरीला मोठे हार घालण्याचा मोह होतो, पण तीन इंचांच्या मूर्तीला एकाच पदराचा, मोगऱ्याच्या दहा-बारा कळ्यांचा हार पुरतो. त्याहून मोठा घातला तर चेहरा झाकतो.

पाळण्याच्या दोन्ही बाजूंना किमान एक वीत जागा पूर्ण मोकळी ठेवा. हीच मोकळी जागा नजर गौरीकडे नेते. कलश, नारळ, फणी-करंडा, आरसा हे त्यापलीकडे. पाडव्याची साखरेची गाठी जपून ठेवली असेल तर ती पाळण्याच्या कमानीला सुंदर दिसते, मात्र ओल्या फुलांना टेकू देऊ नका. किनारपट्टीच्या दमट हवेत ती आधीच चिकट झालेली असते, पाणी लागले की थेंब-थेंब गळते आणि मुंग्यांना थेट वाट मिळते.

दिवे

समई हवीच. प्रश्न पंख्याचा आहे. एप्रिलच्या संध्याकाळी वीस-पंचवीस माणसे असताना पंखा बंद ठेवणे शक्य नसते आणि तसे करूही नये. म्हणून दुपारीच पंखा चालू करून समईच्या जागी उदबत्ती धरून बघा. धूर वीतभर सरळ वर जात असेल तर ज्योत टिकेल. लगेच विस्कटत असेल तर समई आराशीच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्या किंवा काचेची चिमणी असलेला दिवा वापरा. समई पायरीवर नको, जमिनीवर, मोठ्या ताटात, आणि साडीच्या पडद्यापासून दोन फूट लांब. पदर सांभाळत वाकून नमस्कार करणाऱ्या बायकांच्या वाटेतही नको. कडेला, भिंतीच्या बाजूला ठेवावी.

विजेचा उजेड पिवळसर हवा. दुकानात पाकिटावर 2700 किंवा 3000 केल्विन लिहिलेले एलईडी बल्ब मागा. पांढऱ्या ट्यूबखाली कलिंगड फिकट आणि करंज्या राखाडी दिसतात. 9 वॉटचे दोन बल्ब, आराशीच्या पुढे चार-पाच फुटांवर, दोन्ही बाजूंनी, थोडे वरून. एकच बल्ब मधोमध लावला तर दर्शन घेणाऱ्या बाईचीच सावली गौरीवर पडते. लुकलुकणारी माळ लावायची असेल तर ती न लुकलुकता स्थिर ठेवा आणि पडद्याच्या मागे सोडा, कापडातून झिरपणारा उजेड पाळण्याभोवती मंद वलय करतो. वायरी पाण्याच्या भांड्यांपासून दूर, भिंतीच्या कडेने न्याव्यात.

चैत्रांगण

आराशीपुढे चैत्रांगणाची रांगोळी काढतात. मधोमध गौरीचा पाळणा, भोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, तुळशीवृंदावन, कासव, हत्ती, नाग, गोपद्मे, आंब्याचे झाड, फणी, करंडा, आरसा. गेरूवर पांढऱ्या रेषा आणि आत हळद-कुंकू भरलेले, बाकी रंग लागत नाहीत.

तीन फूट बाय तीन फूट पुरे. फरशीवर थेट गेरू फासू नका: संगमरवरात आणि फरशांच्या सांध्यांत त्याचा लाल डाग महिनोन्‌महिने राहतो. त्याऐवजी तेवढाच प्लायवूडचा तुकडा घ्या, 100 ग्रॅम गेरू पाण्यात ताकाइतका पातळ कालवून फडक्याने एकसारखा फासा आणि अर्धा तास सुकू द्या. सुकायच्या आत रांगोळी घातली तर रेघ ओल शोषते आणि राखाडी पडते. आधी पाळणा, मग चार कोपऱ्यांतली चार चिन्हे, मग मधल्या जागा, असे भरत आल्यास एका बाजूला गर्दी होत नाही. प्रत्येक चिन्ह वितीपेक्षा मोठे काढू नका. प्लायवूडचा आणखी एक फायदा असा की रांगोळी दुसऱ्या खोलीत निवांत काढून आयत्या वेळी आणता येते. पंख्याच्या थेट झोताखाली ठेवू नये, आणि आराशीपासून दीड फूट पुढे सोडावी, नाहीतर पाया पडायला पुढे येणाऱ्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही.

फुले

चैत्रात मोगरा आणि सोनचाफा मनसोक्त मिळतो, मग झेंडूच्या ढिगांची गरज नाही. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी घ्या, घट्ट आणि पांढऱ्या, हिरवट नकोत. हिरवट कळी संध्याकाळी उमलत नाही. ओल्या पिळलेल्या फडक्यात सैल गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. थेट पाणी शिंपडले की पाकळ्यांवर तपकिरी ठिपके पडतात. तासभर आधी बाहेर काढल्या की खोलीतल्या उबेने उमलायला लागतात आणि वास भरतो. पाहुण्यांसाठी 25 गजरे लागतात, पाच-सहा जास्तीचे सांगून ठेवावेत.

सोनचाफ्याला बोटे लावू नयेत, जिथे दाबला जातो तिथे तासाभरात काळा पडतो. देठाला धरून ठेवावा. काचेच्या बाटलीत पाणी भरून त्यात सोनचाफा बुडवून झाकण लावण्याची जुनी पद्धत आराशीत फार शोभते. फूल हवेपासून वाचते, टिकते आणि पाण्यात मोठे दिसते. बाटली काठोकाठ भरावी, वर हवा राहिली तर फूल तरंगते आणि तेवढा भाग आधी काळवंडतो.

तोरणासाठी आंब्याची पाने देठासकट आणून अर्धा तास पाण्यात बुडवा, पुसा, मग गुंफा. पाच फुटांच्या तोरणाला पाच-पाच इंचांवर एक अशी डझनभर पाने आणि मध्ये झेंडू घ्यायचा झाला तर 30-35 मध्यम फुले लागतात. बहाव्याचे पिवळे घोस मिळाले तर दिसायला त्याच्यासारखे काही नाही, पण पाकळ्या दोन-तीन तासांत गळायला लागतात, म्हणून पदार्थांच्या वर टांगू नयेत.

फळे: इथे वेळ द्यावा

कलिंगडाच्या कमळासाठी गोल, गडद हिरवे, साधारण चार किलोचे फळ घ्या. लांबट फळाची पाकळी एका बाजूला आखूड येते. चार किलोच्या फळाचा घेर सुमारे 63 सेंटिमीटर भरतो. फळ तीन-चार तास फ्रिजमध्ये गार करून बाहेर काढल्यावर आधी पूर्ण कोरडे पुसा. गार गर करकरीत कापला जातो, कोमट गर भुसभुशीत फाटतो.

फळ उभे ठेवून मधोमध दोरा गुंडाळा आणि दोऱ्याच्या रेषेवर पाच-पाच सेंटिमीटरवर पेनाने खुणा करा. साडेबारा येतात, थोडे-थोडे वाढवून बारा बसवा. ही मोजणी टाळली तर शेवटच्या दोन पाकळ्या एकमेकींत घुसतात, आणि तेव्हा काही दुरुस्ती होत नाही. आता अरुंद पात्याची, किमान पाच इंची सुरी घेऊन एका खुणेपासून दोऱ्याच्या दोन सेंटिमीटर वर आणि पुन्हा खाली असा करवती काप घेत जा. प्रत्येक वेळी टोक फळाच्या मध्यापर्यंत गेले पाहिजे. पूर्ण फेरी झाल्यावर दोन्ही अर्धे हलके पिळून वेगळे करा. सुटत नसतील तर कुठेतरी सुरी मध्यापर्यंत पोचलेली नाही. ताकद लावून ओढू नका, सगळ्या फटींतून सुरी पुन्हा फिरवा. तळाला ठेवण्यासाठी सालीची पातळ चकती काढावी, फक्त हिरवी आणि थोडी पांढरी. लाल दिसले म्हणजे रस गळणार. गराचा पृष्ठभाग मऊ फडक्याने टिपून घ्या.

एका फळाची दोन कमळे होतात. एक पायऱ्यांवर, एक स्वयंपाकघरात राखीव, आणि तास-दीड तासाने अदलाबदल. मांडलेले फळ खायला देऊ नका. खायच्या फोडी वेगळ्या कलिंगडाच्या, आयत्या वेळी फ्रिजमधून काढाव्यात. या उकाड्यात कापलेले फळ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहता कामा नये.

कैरीचा पोपट सोपा आणि हमखास कौतुकाचा. तोतापुरी कैरी घ्या. तिच्या टोकाला मुळातच चोचीसारखा बाक असतो, म्हणून तर तिला हे नाव. आधी देठाचा चीक पूर्ण धुवा, तो कातडीला झोंबतो आणि कापडावर डाग पाडतो. चोचीला ओले कुंकू लावा, डोळ्यांच्या जागी सुईने भोक पाडून काळी मिरी दाबून बसवा, पाठीत दोन चिरा देऊन आंब्याची कोवळी पाने पंख म्हणून खोचा. बुडाला सपाट चकती काढून उभा करा. चिरलेला भाग दोन-तीन तासांत तपकिरी पडतो, त्यावर लिंबू चोळले तर थोडा वेळ मिळतो.

काकडी, गाजर, मुळा यांची फुले करताना अडीच इंचांच्या तुकड्याला उभ्या चिरा देऊन बर्फाच्या पाण्यात 20 मिनिटे बुडवा, पाकळ्या आपोआप उघडतात. पाण्यात मीठ मात्र घालू नका. मिठाने भाजीतले पाणी बाहेर पडते आणि पाकळ्या लुळ्या होतात.

डाळ, पन्हे, हरभरे

हरभरे आदल्या रात्री भिजवा. एक किलो कोरडे गावरान हरभरे भिजून दोन किलोंच्या थोडे वर जातात. ओटीला मूठभर म्हणजे साठेक ग्रॅम धरले तर 25 जणींना दीड किलो पुरतात, उरलेल्यातले वाटीभर मांडणीला आणि बाकीचे फोडणीला. उन्हाळ्यात पाणी आंबते, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा बदलावे. ओटीपूर्वी अर्धा तास पंचावर पसरून कोरडे करा, नाहीतर पाहुणीच्या रेशमी पदरावर ओल उतरते. आता द्रोण किंवा कागदी पिशवी देतात, ते सोयीचे आहे.

डाळीसाठी 600 ग्रॅम हरभऱ्याची डाळ, चार-पाच तास भिजवून, पूर्ण निथळून, पाणी न घालता भरड वाटा. मिक्सर सलग फिरवला तर पीठ होते, एक-एक झटका देत थांबावे. दोन मध्यम कैऱ्या किसून, एक नारळ खवून, आठ-दहा हिरव्या मिरच्या, मीठ, साखर, कोथिंबीर, आणि वर हिंग-मोहरी-हळद-सुक्या मिरचीची भरपूर तेलातली फोडणी. फोडणी गार करून घाला, गरम तेलाने खोबऱ्याला वास येतो. मीठ आणि कैरी वाढण्याच्या फक्त अर्धा तास आधी मिसळा. त्याहून आधी मिसळली तर पाणी सुटते आणि मूद उभी राहत नाही. कच्ची वाटलेली डाळ उकाड्यात लवकर आंबते, म्हणून मोठा साठा फ्रिजमध्ये आणि बाहेर थोडी-थोडी काढलेली, हाच मार्ग.

पन्ह्यासाठी एक किलो कैऱ्या उकडून गर काढला की 500 ते 600 ग्रॅम मिळतो. त्याला दीडपट गूळ, वेलदोडा, चिमूट मीठ, केशर आणि सुमारे पावणेतीन लिटर गार पाणी. 150 मिलिलिटरचे 25 पेले होतात. कैरीच्या आंबटपणानुसार गूळ थोडा कमी-जास्त.

आता मांडणीशी निगडित सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आराशीत पितळी घंगाळ, तांब्याचा हंडा खुलून दिसतात आणि पन्हे त्यात ओतावेसे वाटते. भांड्याला आतून ताजी कल्हई नसेल तर असे कधीही करू नये. कैरीच्या आंबटपणामुळे धातू पन्ह्यात उतरतो, पन्हे कळकते आणि मळमळ-उलट्या होऊ शकतात. डाळीचेही तेच. घंगाळ हवेच असेल तर त्यात बर्फ भरा आणि मधोमध काचेचे किंवा स्टीलचे भांडे ठेवा. पन्हे गारही राहते.

शेवटचे दोन तास

मधल्या पायरीवर फराळ: करंज्या, लाडू, शंकरपाळे, चकली, खोबऱ्याची वडी, विषम ताटांत. उंच रचलेले लाडू कडेला, सपाट ताटे मध्ये, म्हणजे गौरीपुढे काही आडवे येत नाही. पेढे आणि चॉकलेट उन्हाळ्यात घामेजतात, ते टाळावेत. खालच्या पायरीवर फळे, कमळ मधोमध नाही तर किंचित डावीकडे, उजवीकडे कैरीचे पोपट आणि काकडीची फुले. मधोमध सोडलेल्या वाटेने नजर थेट पाळण्यापर्यंत चढते.

मुंग्यांसाठी औषधी खडू अन्नाजवळ नकोच. गोड पदार्थाच्या ताटाखाली मोठ्या ताटात अर्धा इंच पाणी, त्यात उपडी वाटी, वाटीवर ताट. पाण्याचे ताट पानांनी झाकले की दिसत नाही. पाहुण्या येईपर्यंत सगळ्यावर जाळी किंवा ओढणी टाका.

हळदीकुंकवाचे तबक, अत्तरदाणी, गुलाबदाणी, चंदनाची वाटी, गजऱ्यांची परडी आणि ओटीचे हरभरे आराशीवर ठेवू नका. बाजूला वेगळ्या छोट्या टेबलावर, यजमानीण उभी राहील त्या बाजूला ठेवावेत. आराशीवर ठेवले की प्रत्येक वेळी हात ताटांवरून जातो, कुंकू करंज्यांवर सांडते आणि पुढे दाटी होते. दार, मग गौरीचे दर्शन, मग हळदीकुंकू-अत्तर-चंदन, मग बसायची जागा, मग डाळ-पन्हे, असा एकाच दिशेने फिरणारा ओघ ठेवला की छोट्या हॉलमध्येही कोंडी होत नाही. बोलावताना सवाष्ण, कुमारिका, पती गमावलेली असा भेद करू नये. गौर अन्नपूर्णा आहे, तिच्या घरी आलेली प्रत्येक जण कुंकू, गजरा आणि मूठभर हरभरे घेऊनच गेली पाहिजे.

परदेशात कच्ची कैरी न मिळाल्यास आंबट हिरवी सफरचंदे किसून लिंबू पिळल्यास डाळ बरीच जवळ जाते, आणि मोगऱ्याऐवजी त्या मोसमातली डॅफोडिल-ट्युलिप गौरीला आनंदाने वाहावीत. घरात धुराची घंटा असेल तर उदबत्ती खिडकीजवळ लावावी.

आठ वाजता शेवटची पाहुणी गेली की आधी कापलेली फळे आणि उरलेली डाळ उचला, मग समई शांत करा. पायऱ्या दुसऱ्या दिवशी आवरल्या तरी चालतात, पण गौरीचा पाळणा त्याच रात्री देव्हाऱ्याजवळ परत न्यावा. अक्षय्य तृतीयेपर्यंत तिचा मुक्काम तिथेच.